आगाऊ

मी काचेच्या आत होते आणि तोंडात टाचण्या होत्या, तेव्हा फोन वाजला. कपड्यांच्या दुकानाच्या दर्शनी काचेमागे पुतळे सजवणं हे माझं काम. बाहेर लोक घाम पुसत चाललेले असतात आणि आत मी पुतळ्यांच्या गळ्यात लोकरीचे मफलर गुंडाळत असते, कारण दुकानाचा ऋतू नेहमी बाहेरच्या ऋतूच्या पुढे चालतो. गिऱ्हाइकाला थंडी वाजायच्या आधी स्वेटर दिसला पाहिजे, असं मालक म्हणतात. कागदाच्या कपट्यांच्या खोट्या बर्फावर अनवाणी उभी राहून मी फोन खांद्याने कानाशी दाबला. पलीकडे सिस्टर होती. सिस्टर म्हणजे आमची मैत्रीण. इस्पितळात नर्स आहे म्हणून सगळ्या तिला तसंच म्हणतात. ती धापा टाकत होती, बहुतेक जिन्यावरूनच बोलत होती. "अगं, डिंकी घरी येतेय! उद्या सोडतायत तिला. डॉक्टर म्हणाले, आता काळजीचं काही नाही. ऐकतेयस ना?" मी नुसतं हुं केलं, कारण तोंडात टाचण्या. आणि डिंकी वाचली, आपली डिंकी वाचली, हे मनात उमटायच्या आधी, अगदी एका श्वासाने आधी, माझ्या मनात जे आलं ते असं होतं: पण माझं कार्ड अजून पुरं व्हायचंय.

टाचणी ओठात घुसली. हातातल्या पांढऱ्या मफलरवर रक्त पडायला नको म्हणून मी आधी मफलर लांब धरला. इतकी मी सावध. मग टाचण्या काढून म्हटलं, "बरं झालं गं. जीव भांड्यात पडला." सिस्टर रडायलाच लागली. तिला वाटलं माझाही आवाज आनंदाने चिरकलाय. बाहेर एक बाई काचेला नाक लावून कडेवरच्या पोराला बर्फ दाखवत होती. त्या पोराने माझ्याकडे बोट केलं, मी हसले, आणि ते घाबरून आईच्या मानेत शिरलं.

ते कार्ड डिंकीच्या मरणाचं होतं. आडवळणाने सांगून काही ते बदलत नाही. ती गेल्यावर तिच्या नवऱ्याच्या आणि लेकीच्या हातात द्यायचं कार्ड मी ती श्वास घेत असताना करायला घेतलं होतं, आणि ते माझ्या घरी, नवऱ्याच्या नकाशे काढायच्या मोठ्या टेबलावर, दोन बंद पडलेल्या इस्त्र्यांच्या वजनाखाली सपाट होत पडलं होतं. आता माझी बाजू. थरांचं काम घाईत होत नाही. आधी जाड पुठ्ठा, त्यावर चुरगळून चिकटवलेला पातळ कागद, त्यावर पांढरं अस्तर, मग कापड, मग दोरा, मग पुन्हा रंग, आणि दर थर नीट वाळला पाहिजे, नाहीतर सगळ्याचे पोपडे निघतात. माणूस गेल्यावर हे करायला बसलं तर द्यायच्या वेळी हातात काहीच नसतं. मग दुकानातलं छापील आणावं लागतं, आणि आमच्यात छापील कार्ड देणं म्हणजे स्वतःच्या हाताने नाक कापून घेणं. ही माझी बाजू त्या संध्याकाळी घरी जाताना मी रस्ताभर मांडत होते, आणि मला कोणी काही विचारलेलं नव्हतं. खाई त्याला खवखवे म्हणतात ते उगाच नाही.

आम्ही चौघी. शनिवारी दुपारी डिंकीच्या घरी कार्डं करायला बसायचं, ही आमची फार जुनी खोड. डिंकी शिशुवर्गाची बाई. हाताला, केसांना, चष्म्याच्या काडीला सदा डिंक लागलेला म्हणून डिंकी. वन्सं ही तिची थोरली नणंद. डिंकी तिला वन्सं म्हणते म्हणून आम्हीही म्हणतो, आणि कागदाच्या दुकानात कुणी चमकून बघितलं की सिस्टर ठोकून देते, "आम्हाला सगळ्यांना एकाच घरात दिलंय." वन्सं कुठल्याही कार्डावर फक्त गुलाब करते. वाढदिवस असो, परीक्षा असो, कुणाच्या पायाचं हाड मोडलेलं असो, गुलाब. सिस्टर तिच्या वॉर्डात टाकून द्यायची बँडेजची जाळी आणते. तिच्यावर रंग दिला की काय सुरेख धुकं दिसतं. आणि टेबलावर कायदा डिंकीचा, तोही शिशुवर्गातला. तुकडा चिकटवला की ज्याचा हात जवळ असेल त्याला ती म्हणणार, "धर." मग इकडचं तिकडचं बोलत राहणार आणि मध्येच, न बघता, "सोड." तिने सांगायच्या आधी हात काढला की तुकडा सरकलाच. आम्ही घरदार सांभाळणाऱ्या बायका, पण तिने सोड म्हटल्याशिवाय एकीचं बोट हलायचं नाही. काही बिघडलं, शाई लवंडली, कडा फाटली, तर तिचं ठरलेलं वाक्य होतं: "यात चूक नसते गं, पुढचा थर असतो."

मला आगाऊ हे नाव तिनेच ठेवलं. उन्हाळ्यात मफलर घालणारी, पोटुशी बाई दिसली की बाळाचं कार्ड सुरू करणारी, शेजारची मुलगी अजून परीक्षेला बसायचीय तोवर अभिनंदन लिहून मोकळी होणारी. "आगाऊ आहेस नुसती," ती म्हणायची, "दोन्ही अर्थांनी." वन्सं लगेच पुस्ती जोडायची, "उतावळा नवरा अन् गुडघ्याला बाशिंग." मला राग यायचा नाही, कारण हे मी लहानपणापासून ऐकत आले होते. दादा, माझा थोरला भाऊ, नोकरीसाठी लांब जायचा होता, तेव्हा तिकीट यायच्याही आधीपासून मी रडायला लागले. जेवताना रडायची, त्याचे शर्ट वाळत घालताना रडायची. आई म्हणाली, "अगं, अजून वेळ आहे, थोडं राखून ठेव." आणि दादा खरंच निघाला त्या सकाळी मी दारात उभी राहिले ती कोरडी ठणठणीत. आईने डोळ्याला पदर लावलेला, बाबा उगाच खोकत होते, आणि मी मनातून चक्क बघत होते की त्याच्या बॅगेचा पट्टा उलटा लागलाय. पायरी उतरताना दादाने वळून माझ्याकडे बघितलं. मला तेव्हा वाटलं तो काही विसरलाय. आता वाटतं, तो माझ्या तोंडावर काहीतरी शोधत होता आणि ते मी आधीच वापरून टाकलं होतं.

डिंकीच्या पोटात दुखत होतं, एवढंच होतं सुरुवातीला. मग ऑपरेशन झालं, मग ते चिघळलं, मग ताप उतरेचना. सिस्टर त्याच इस्पितळात, म्हणून बातम्या तिच्याकडून यायच्या, आणि एकदा तिने आवाज खाली आणून सांगितलं, "फार काही खरं नाही गं. बघून ये." मी बघून आले. खोलीत औषधाचा आणि उकडलेल्या कपड्यांचा वास होता. डिंकी इतकी स्वच्छ मी कधी बघितली नव्हती. नखात रंग नाही, केसात डिंक नाही, मलाच क्षणभर खोली चुकल्यासारखं वाटलं. नाकात नळी होती. तिने डोळे उघडले, मला ओळखलं, चादरीवरची बोटं जराशी वर केली आणि म्हणाली, "धर." मी तिचा हात धरला. गरम होता, कोरडा, आणि आत काहीतरी बारीक फडफडत होतं. ती लगेच झोपली. मी बराच वेळ तशी बसले असेन, पण बाहेर घंटा झाली, भेटीची वेळ संपली, दारातली बाई माझ्याकडे बघायला लागली, आणि मी एकेक बोट सोडवून घेतलं. ती सोड म्हणाली नव्हती. हे मला तेव्हाच कळलं होतं, नंतर नाही.

त्याच संध्याकाळी मी पुठ्ठा कापला. डिंकीनेच वन्संच्या हाती निरोप धाडला होता की माझ्यामागे शनिवार मोडू नका, म्हणून तिचे सगळे डबे तोवर माझ्याकडे आणून ठेवले होते. मी तिचे डबे उघडले. सुईत तिने ओवून अर्धवट ठेवलेला पिवळा दोरा मिळाला, तिच्या कामाच्या झग्याचं तुटलेलं बटण मिळालं. आणि तळाशी तिचं पुसणं. ब्रश आणि हात पुसायचं जुन्या चादरीचं फडकं. आमच्या सगळ्या शनिवारांचे रंग त्याच्यावर एकावर एक बसलेले, आणि मधोमध एक जागा अशी जमून आलेली की तसं ठरवून कुणाला जमणार नाही. करडा, त्यात विझत आलेला निळा, एका कोपऱ्यात चुकून पडलेला लाल. मी कात्री घेतली आणि तेवढा चौकोन कापून घेतला. वाईट वाटलं नाही. उलट कात्री कापडातून जाताना बरं वाटलं, खूप दिवसांनी काहीतरी नेमकं केल्यासारखं. मग रोज दुकानातून आले की मी त्या टेबलाशी. आज जाळीचं धुकं, उद्या त्याच्यावर चहाच्या पाण्याचा हात, मग पिवळ्या दोऱ्याचे विरळ टाके, वर जात जात तुटणारे. रडायची, नाक पुसायची, पुन्हा टाका घालायची. सिस्टर फोनवर विचारायची, "येतेस का गं आज? ती दाराकडे बघत असते." मी म्हणायची, दुकानात मोसम बदलतोय, मान वर करायला वेळ नाही. आणि ते पूर्ण खोटंही नव्हतं. ज्या संध्याकाळी मी तिच्यापाशी बसायला हवं होतं त्या सगळ्या मी त्या कार्डात घातल्या, आणि मला वाटत होतं की मी तिच्यापाशीच बसलेय. एकदा नवरा नकाशे घ्यायला आला, मागे उभा राहून बघत राहिला. त्याला कार्डांतलं काही कळत नाही, पण म्हणाला, "हे तुझं सगळ्यात चांगलं झालंय." मला इतका आनंद झाला की काय सांगू. मग नकाशाची गुंडाळी काखेत मारून त्याने सहज विचारलं, "कधीपर्यंत लागणार आहे?" मी म्हटलं, "अजून नक्की नाही."

फोन आला त्या संध्याकाळी मी घरी येऊन इस्त्र्या उचलल्या आणि कार्ड फाडायला हातात घेतलं. जाड झालं होतं, सहज फाटलं नसतं, कात्री लागली असती. कात्री शेजारीच होती. मी कार्ड दिव्याखाली धरलं, जाळीच्या धाग्यांमधून तो निळा दिसत होता, आणि मला ते फाडवेना. मैत्रीण जिवंत आहे याच्यापेक्षा हे टिकावं असं वाटणारी बाई कोण, असं मी स्वतःला विचारलं. उत्तर समोरच्या खिडकीच्या काचेत कार्ड हातात घेऊन उभं होतं. मग मला डिंकीचंच वाक्य आठवलं आणि चोराला वाट सापडावी तसं झालं. पुढचा थर. मी पिवळा रंग कालवला, दाट, आणि सगळ्या करड्यावर फासला. वर कागदाचं एक घर कापून लावलं, घराला उघडं दार. झालं स्वागताचं कार्ड. पण मनातून माहीत होतं की पिवळ्याखालून विणीचा उंचवटा बोटाला लागतोय, आणि घराच्या दारात, रंग पातळ पडला तिथे, धुकं आहे तसं आहे. शिवाय पुसण्याचं काय करायचं? नवीन फडकं ठेवावं तर डिंकीला कळणार. तेच ठेवावं तर त्याला भोक. मी ते घडी घालून, भोक आत राहील असं, डब्याच्या तळाशी ठेवून दिलं.

ती घरी आल्यावरही मी गेले नाही. आता तर खरं कारण होतं, तिला आराम हवा. फोन केला तर आधी तिचा नवरा बोलला, मग ती. आवाज बारीक झाला होता, पण खट्याळपणा तोच. "काय आगाऊ, पुतळे बरे आहेत ना?" मी म्हटलं, बरे आहेत. मी का आले नाही ते आता ती विचारेल म्हणून मी श्वास धरून उभी होते, उत्तरंही तयार होती, दुकान, मोसम, मला सर्दी झाली होती, तुला लागली असती. तिने विचारलंच नाही. म्हणाली, "चालता यायला लागलं की शनिवारी मीच येते. माझे डबे तुझ्याकडे आहेत."

आणि ती आली. एका बाजूने वन्सं, दुसऱ्या बाजूने सिस्टर, मध्ये ही, झगा अंगावर नुसता अडकवल्यासारखा. मी दारात पुढे झाले आणि तिला मिठी मारली. पाठीची हाडं हाताला लागली. मला रडू यायला हवं होतं. मी तिच्या खांद्यावरून बघत होते ते टेबलाकडे. दादाच्या बॅगेचा पट्टा दिसावा तसा इस्त्रीखालून बाहेर आलेला पिवळा कोपरा मला दिसत होता, आणि डोळे कोरडे. "जाड झालीस," ती म्हणाली. "तू रोड झालीस म्हणून तसं वाटतंय," मी म्हटलं. सगळ्या हसल्या. ती खुर्चीत बसली, दोन्ही तळवे टेबलावर फिरवले, आणि म्हणाली, "हं. माझं पुसणं कुठंय?"

"नवीन देते ना, स्वच्छ," मी म्हटलं, जरा घाईने.

"स्वच्छ कशाला? इतके दिवस स्वच्छच होते." तिने स्वतःच डबा ओढला, तळातून फडकं काढलं आणि सवयीने झटकलं. भोकातून पलीकडची खिडकी दिसली. तिने फडकं चेहऱ्यासमोर धरलं, चौकोनातून तिचा एक डोळा आम्हाला बघत होता. "कुणी गं खिडकी पाडली याला?"

"उंदीर असेल," सिस्टर म्हणाली.

"कात्री चालवणारा उंदीर," वन्सं म्हणाली. "अगं, बोला की. घेतलं असेल कुणी, त्यात काय! अशा कशा बघताय? चोराच्या मनात चांदणं." तिच्या मनात काही नव्हतं, ती गुलाबाच्या पाकळ्या कापत होती.

डिंकीने फडकं खाली ठेवलं. माझ्याकडे बघितलं नाही. टेबलावर नजर फिरवली आणि इस्त्र्यांशी थांबली. त्या तिच्याने उचलवेनात, तेव्हा सिस्टरने उचलून दिल्या. "अय्या, हिच्या स्वागताचं दिसतंय!" सिस्टर म्हणाली. "बघ, आगाऊने आधीच करून ठेवलंय." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डिंकीने कार्ड हातात घेतलं, घर बघितलं, उघडं दार बघितलं, छान म्हणाली. मग तिचा अंगठा पिवळ्यावरून सरकत चौकोनावर आला आणि तिथे थांबला. तिने बोट जिभेला लावलं, दाराशेजारी घासलं. पिवळा पुसला गेला. खालचा करडा आला, मग विझत आलेला निळा, मग तिच्या सुईतला दोरा, वर जाऊन तुटलेला. तिने कार्ड उघडलं. आत कोरं होतं. मला आत लिहायला शब्द सापडले नव्हते, सापडतील तेव्हा लिहू म्हणून ठेवलं होतं, आणि स्वागताचेही लिहिले नव्हते. बाजूला वन्सं आणि सिस्टर कुठल्या दुकानात कसला कागद आलाय ते बोलत होत्या. त्या दोघींच्या आवाजाखाली डिंकी अगदी हळू म्हणाली, "एवढे थर. किती वाळवावे लागले असतील."

मी टेबलावरचे कपटे गोळा करायला लागले.

"म्हणून आली नाहीस होय," ती म्हणाली. "मला वाटलं, तू घाबरलीस. मी सिस्टरला सांगायची, तिला ओढून आणू नका, ती भित्री आहे."

"डिंके," मी म्हटलं. मी चुकले, हे म्हणायचं होतं, पण या टेबलावर चूक म्हणायची पद्धत नव्हती.

ती बराच वेळ कार्डाकडे बघत होती. रागाने नाही, रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं. ती बघत होती तशी आम्ही एकमेकींचं चांगलं झालेलं काम बघतो, जरा लांब धरून, मान तिरकी करून. "झालंय मात्र सुंदर," ती म्हणाली. "मला असं कधी जमलं नाही. वाया नाही जायचं गं हे. आज नाही तर उद्या." मग कार्ड टेबलावर ठेवलं. पुसण्याच्या चौकोनाचा एक कोपरा तिच्या घासण्याने सुटून वर आला होता. तिने डिंकाची बाटली घेतली, काडीच्या टोकाने कोपऱ्याखाली थेंब सोडला, माझा अंगठा धरून त्याच्यावर ठेवला.

"धर," ती म्हणाली.

मी धरलं. ती वन्संकडे वळली, गुलाबाला देठ दे म्हणाली, नुसतं डोकं काय लावतेस. सिस्टरने इस्पितळातल्या एका डॉक्टरची नक्कल केली, डिंकी हसली, हसताना पोट धरलं, वन्संने तिला पाणी दिलं. मी धरून होते. डिंक आधी गार लागला, मग ओढल्यासारखा झाला, मग अंगठ्याखाली घट्ट. असला एक थेंब वाळायला किती वेळ लागतो ते मला माहीत आहे, तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. चहा झाला, मी डाव्या हाताने प्यायले. "अगं, सोड की आता, झालं असेल," वन्सं म्हणाली. मी डिंकीकडे बघितलं. ती सुईत दोरा ओवत होती, डोळे बारीक करून, आणि तिने मान वर केली नाही.

ऊन टेबलावरून भिंतीवर गेलं तशी ती दमली. सिस्टरने तिला उठवलं, वन्संने डबे गोळा केले. तिने ते फडकं मात्र स्वतः उचललं, घडी घालून झग्याच्या खिशात ठेवलं. दाराशी तिला चपला घालायला वेळ लागला, एका हाताने चौकट धरून. मी उठले नव्हते. अंगठा तसाच होता, पांढरा पडलेला. ती वळली, आणि आधी माझ्या हाताकडे बघितलं, मग माझ्याकडे. आता ती तो एक शब्द म्हणेल म्हणून मी थांबले.

"शनिवारी येते," ती म्हणाली.

दार लागलं. जिन्यावर तिघींची पावलं ऐकू येत होती, एक पायरी, मग थांबा, मग दुसरी पायरी. डिंक केव्हाच वाळला होता. मी अंगठा उचलला नाही.